काल मिटलेली खिडकी आज उघडते कशी?

संगणक सुरू करावा, आपले नाव आणि परवलीचा शब्द टाकावा, आणि पडदा उजळतो न उजळतो तोच चार खिडक्या आपणहून उघडून समोर उभ्या राहाव्यात! एकीत हिशेबाचा तक्ता, दुसरीत फाइलींची यादी, तिसरीत गेल्या महिन्यात केव्हातरी पाहिलेले एक चित्र, आणि चौथीत असा एखादा प्रोग्राम, की जो आपण एकदाच कुतूहलाने उघडला होता. त्या एकेक करून मिटाव्यात, दिवसभर काम करावे, संगणक बंद करून घरी जावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मंडळी, त्याच जागी, पुन्हा हजर. लिनक्सवर काम करणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आलेला असतो, आणि त्यावर प्रत्येकाने आपापला तर्कही लढवलेला असतो.

सर्वांत पहिला तर्क म्हणजे विषाणू शिरला. दुसरा, यंत्र बिघडले. मग जवळपासचा कोणीतरी जाणता माणूस सांगतो, “अहो, सगळे पुसून टाका आणि लिनक्स नव्याने बसवा, म्हणजे कटकट मिटेल.” आणि कटकट खरोखरच मिटते, पण तिच्याबरोबर कित्येकदा दोन-तीन वर्षांची टिपणे, पत्रे आणि मुलांची छायाचित्रेही जातात. ढेकूण झाले म्हणून घर जाळण्यातला हा प्रकार. वस्तुतः येथे काहीच बिघडलेले नसते. संगणक आज्ञा पाळीत असतो, आणि तीही अगदी काटेकोरपणे. प्रश्न एवढाच, की ही आज्ञा कोणी दिली, केव्हा दिली, आणि ती कोठे लिहून ठेवली आहे.

ही लिहून ठेवण्याची चाल थोडी जुनी आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. परंतु लिनक्सवर ज्या व्यवस्थेने पुढे वर्षानुवर्षे खिडक्या उघडल्या-मिटल्या, ती ‘एक्स’ नावाची व्यवस्था त्याच्याही आधीची. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ साली तिचा आरंभ झाला, आणि १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली. या अकराव्या आवृत्तीची सुधारित प्रकाशने निघत राहिली, आणि त्यांपैकी १९९४ सालच्या सहाव्या प्रकाशनाबरोबर एक करारनामा आला. प्रोग्रामांनी निरोप कसा घ्यावा आणि पुन्हा कसे परतावे याचे नियम त्यात होते. कल्पना मोठी सोयीची होती. ज्याच्या टेबलावर रोज दहा-बारा खिडक्या मांडलेल्या असतात, त्याने दररोज सकाळी तोच पसारा पुन्हा का मांडावा? संध्याकाळी जसे सोडले तसे सकाळी सापडावे.

या करारनाम्यात मध्यस्थ म्हणून एक प्रोग्राम असतो. त्याला आपण कारभारी म्हणू. तुम्ही लॉगआउटची कळ दाबली, की हा कारभारी प्रत्येक उघड्या प्रोग्रामकडे जातो आणि म्हणतो, “बाबा रे, मालक निघाले. आपले सामान आवर.” कोणाचे लिखाण जतन व्हायचे राहिलेले असते, त्याला मालकाला विचारायचे असते, की हे ठेवू की टाकू? त्यासाठी त्याने कारभाऱ्याची परवानगी घ्यायची, आणि कारभाऱ्याने एका वेळी एकालाच बोलू द्यायचे, म्हणजे दहा जण एकदम मालकाच्या अंगावर धावून येणार नाहीत. हे आटोपले की प्रत्येक प्रोग्राम आपले नाव आणि आपल्याला पुन्हा उठवण्याची आज्ञा कारभाऱ्याच्या स्वाधीन करतो. शिवाय आपला स्वभावही सांगतो. कोणी म्हणतो, आत्ता चालू आहे म्हणूनच उद्या उठव. कोणी म्हणतो, मी मिटलेला असलो तरीही उठव. तिसरा म्हणतो, मी मध्येच पडलो तर तत्क्षणी पुन्हा उभा कर. पडद्याच्या कडेची ती पट्टी या जातीची असते, म्हणून ती बळेच बंद केली तरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच परत येते. आणि चौथा एखादा विनम्र प्रोग्राम म्हणतो, मला उठवूच नकोस.

कारभारी हे सारे आपल्या वहीत उतरवून घेतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, की वही उघडतो आणि ओळीने हाका मारीत सुटतो. त्यातले तुम्हाला आज काय हवे आहे आणि काय नको, हा विचार करण्याचे काम त्याच्याकडे दिलेलेच नाही.

आता खरी गंमत ऐका. लिनक्सवर डेस्कटॉपचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी एक्सएफसीई हा अंगाने हलका, जुन्या संगणकावरही बरा चालणारा. म्हणून प्रयोगशाळांतून आणि कचेऱ्यांतून तो पुष्कळ ठिकाणी बसवलेला आढळतो. त्यात लॉगआउट करताना जी चौकट येते, तिच्या तळाशी एक लहानसा चौकोन असतो आणि शेजारी ‘सेव्ह सेशन फॉर फ्युचर लॉगिन्स’ असे शब्द असतात. पुढच्या खेपेसाठी आजची मांडणी जपून ठेवू का, असा त्याचा अर्थ. एखाद्या दिवशी घाईत त्या चौकोनात खूण पडते. त्या दिवशी ज्या चार खिडक्या उघड्या होत्या त्यांची नावे वहीत चढतात. पुढे केव्हातरी ती खूण आपल्या लक्षात येते, आपण ती काढून टाकतो आणि निश्चिंत होतो. तरी दुसऱ्या दिवशी खिडक्या हजर!

येथेच बहुतेक जण हात टेकतात. “खूण तर काढली, मग आता काय?” पण खूण काढली म्हणजे आपण कारभाऱ्याला नेमके काय सांगितले, ते पाहा. आपण सांगितले, की आज वहीत काही लिहू नकोस. वहीत पूर्वी लिहिलेले पान फाडून टाक, असे आपण म्हटलेलेच नाही. लिहिणे थांबवणे निराळे आणि लिहिलेले खोडणे निराळे. तेव्हा तो बिचारा रोज सकाळी ते एकच जुने पान वाचतो आणि रोज संध्याकाळी, हुकमाप्रमाणे, त्यात काहीही बदल करीत नाही. वहीचे ते पान जणू दगडावर कोरलेले होते. तुम्ही त्या खिडक्या रोज कितीही वेळा मिटा, त्या मिटल्याची नोंद व्हायला वही उघडावी लागते, आणि ती उघडायची नाही असे तुम्हीच सांगून ठेवलेले असते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही सोपे. सेटिंग्जमध्ये ‘सेशन अँड स्टार्टअप’ म्हणून एक भाग आहे. तेथे जपून ठेवलेली सेशन्स पुसण्याची, ‘क्लिअर सेव्हड सेशन्स’ अशी कळ असते. ती दाबावी, आणि त्यानंतर लॉगआउट करताना त्या चौकोनात खूण नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. त्याच भागात, दर खेपेस न विचारता मांडणी जपून ठेवण्याचाही एक पर्याय आहे. तो चालू असेल तर तोही बंद करावा, नाहीतर पुसलेली वही त्याच संध्याकाळी पुन्हा भरते. दुसरा उपाय मला स्वतःला अधिक आवडतो, कारण त्यात कारभाऱ्याची रीत ओळखून तिचाच उपयोग करून घेतलेला आहे. नको असलेल्या सर्व खिडक्या मिटाव्यात, पडदा मोकळा करावा, आणि मग मुद्दाम खूण करून एकदा लॉगआउट करावे. वहीत रिकामी मांडणी लिहिली जाते. पुढच्या खेपेस खूण काढून टाकावी. आता तो रोज वाचील ते रिकामे पान.

ज्यांना स्वतः वही पाहायची असेल त्यांनाही ती पाहता येते. आपल्या घरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी काही नावे लपवलेली असतात. त्यांत ‘डॉट कॅशे’ नावाचा फोल्डर आहे, आणि त्याच्या पोटात ‘सेशन्स’ नावाचा दुसरा. तेथल्या एक्सएफसीईच्या फाइलीत साध्या अक्षरांत पहिला प्रोग्राम कोणता, तो उठवण्याची आज्ञा कोणती, दुसरा कोणता, असे क्रमाने लिहिलेले असते. विषाणूची शंका घेणाऱ्याने ही फाइल एकदा अवश्य वाचावी. भुताच्या गोष्टीतले भूत म्हणजे दोरीवर वाळत घातलेले धोतर निघावे, तसे काहीसे वाटते.

एक गोष्ट मात्र ध्यानात असावी. वही लिहिली जाते ती लॉगआउटच्या वेळी. मध्येच वीज गेली, की निरोपाचा तो सगळा सोहळाच होत नाही. म्हणजे ज्याने रोज मांडणी जपण्याची खूण ठेवली आहे, त्यालाही वीज परतल्यावर आजचा पसारा न दिसता त्याआधीच्या लॉगआउटचा पसारा दिसतो. आपल्याकडे खेड्यापाड्यांत वीज जाते तेव्हा हा घोटाळा पुष्कळदा होतो, आणि दोष संगणकावर जातो.

१९९६ साली सुरू झालेल्या केडीईमध्ये पवित्रा थोडा निराळा आहे. तेथे मागल्या लॉगआउटच्या वेळी जे उघडे होते ते पुन्हा उघडणे, ही मूळचीच ठेवण असते. ती नको असेल तर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या डेस्कटॉप सेशनच्या पानावर जाऊन, दर वेळी रिकाम्या पडद्याने सुरुवात करण्याचा पर्याय निवडावा. आणखी एक मधला पर्याय आहे, तो म्हणजे आपण हाताने जपून ठेवलेली मांडणीच तेवढी उघडायची. शिवाय अमुक एक प्रोग्राम तेवढा वगळ, अशी यादीही देता येते. १९९७ साली निघालेल्या ग्नोमने ही सोय अनेक वर्षे मुळातच बंद ठेवली. त्यामुळे ग्नोमवर एखादी खिडकी आपोआप उघडत असेल, तर कारभाऱ्याच्या वहीकडे न पाहता आधी पुढे सांगतो तिकडे पाहावे.

कारण सगळा दोष वहीचा नसतो. काही घरी दुधाचा रतीब लावलेला असतो. काल दूध उरले की संपले याची चौकशी न करता गवळी रोज पहाटे माप ओतून जातो. लिनक्सवर असा रतीब लावण्याची जागा निराळी आहे. तिचे नाव ‘ऑटोस्टार्ट’. आपल्या घरच्या फोल्डरमधील ‘डॉट कॉन्फिग’च्या पोटात ऑटोस्टार्ट नावाचा फोल्डर असतो, आणि सर्व वापरणाऱ्यांसाठी मिळून यंत्रावर दुसरा एक असतो. त्यात ज्याच्या नावाची चिठ्ठी असेल तो प्रोग्राम प्रत्येक लॉगिनला सुरू होतो. काल तुम्ही तो मिटला होता की नाही, हा प्रश्नच येत नाही. निरोपानिरोपी करणारे, फाइली दूरच्या संगणकावर पोचवणारे, नव्या आवृत्तीची दवंडी पिटणारे, असे कित्येक प्रोग्राम बसवताना आपली चिठ्ठी तेथे टाकून जातात. हे मला पसंत नाही. पाहुण्याने आल्या दिवशीच आपला रतीब लावून टाकावा, असा तो आगाऊपणा आहे. सुदैवाने चिठ्ठी काढणे सोपे असते. सेटिंग्जमध्ये लॉगिनला सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते, तिच्यातली नको ती खूण काढावी. चिठ्ठी सर्वांसाठी असलेल्या फोल्डरमध्ये असेल, तर ती तशीच राहते आणि आपल्या घरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी चिठ्ठी ‘ही लपलेली समज’ अशा अर्थाची पडते. घरच्या चिठ्ठीचा मान मोठा, म्हणून इतरांचे काही न बिघडता आपल्यापुरता रतीब बंद होतो.

आणि वही व रतीब दोन्ही एकाच प्रोग्रामच्या बाजूने असले म्हणजे? समजा, लहानशा टिपणवहीचा एक प्रोग्राम तुम्ही ऑटोस्टार्टमध्ये घातला आहे आणि मांडणी जपण्याची खूणही चालू आहे. पहिल्या दिवशी रतीबाची एक खिडकी उघडते. संध्याकाळी ती वहीत चढते. दुसऱ्या दिवशी वहीतली एक आणि रतीबाची एक, अशा दोन. त्या दोन्ही संध्याकाळी वहीत. तिसऱ्या दिवशी तीन! स्वतःची एकच प्रत चालू देणारे प्रोग्राम यातून वाचतात, पण बाकीच्यांची संख्या अशी दिवसेंदिवस वाढत जाते. रोज एकेक खिडकी वाढत असेल, तर ही दोन्ही स्थाने एकदम तपासावीत, असे खुशाल समजावे.

तिसरी जागा सर्वांत फसवी. ती प्रोग्रामच्या स्वतःच्या पोटात असते. फायरफॉक्सला सांगून ठेवले, की तो मागली सर्व पाने पुन्हा उघडतो. लिबरऑफिस मध्येच कोसळले, तर पुढच्या खेपेस अर्धवट राहिलेली कागदपत्रे पुढे करते. प्रोग्राम लिहिण्यासाठी विद्यार्थी वापरतात तो ‘जीनी’ नावाचा संपादक मागल्या वेळच्या फाइली आपणहून उघडतो, आणि तशी त्याची मूळचीच ठेवण असते. कारभाऱ्याचा याच्याशी संबंध नाही.

या तिसऱ्या जागेने काय होऊ शकते याचे एक उदाहरण सांगतो. एका महाविद्यालयात ‘सी’ या भाषेची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सर्व संगणकांवर विद्यार्थ्यांसाठी एकच सामाईक खाते. सकाळची तुकडी गेली, दुपारची आली. प्रयोगशाळेच्या साहाय्यकाने मध्यंतरात प्रत्येक यंत्रावरची जुनी सेशन्स पुसून घेतली होती, आणि लॉगिन केल्यावर पडदा स्वच्छही दिसत होता. पण एका मुलीने जीनी उघडताच सकाळच्या परीक्षार्थ्याचे पूर्ण उत्तर तिच्यासमोर उभे राहिले. बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच वेळी तिच्या मागे येऊन थांबले. पुढचा अर्धा तास त्या मुलीने कसा काढला असेल, याची कल्पना करावी. “मी काही केलं नाही, सर, ते आपोआप आलं,” या वाक्यावर एरवी कोण विश्वास ठेवतो? अखेर साहाय्यकाने त्या फाइलीवरची वेळ दाखवली. ती सकाळी अकरानंतरची, म्हणजे ही मुलगी प्रयोगशाळेत यायच्या पुष्कळ आधीची होती. मग साहाय्यकाने दुसऱ्या एका संगणकावर, परीक्षकांच्या देखत, जीनी उघडून दाखवला. तेथेही सकाळचे उत्तर होतेच. मुलीला दुसरी प्रश्नचिठ्ठी मिळाली आणि तिने पेपर पुरा केला.

घरच्या संगणकावर जी नुसती कटकट असते, ती सामाईक खात्यावर अशी कोणाच्या तरी अब्रूवर येते. परीक्षाच कशाला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे पत्र, आजारपणाचे कागद—एकाने उघडलेले दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन पडते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जेथे अनेक जण एक यंत्र वापरतात तेथे प्रत्येकाला निराळे खाते द्यावे. पुष्कळ ठिकाणी “कोण एवढी खाती सांभाळणार?” असे उत्तर मिळते. बरे, तेही जमत नसेल तर एक्सएफसीईमध्ये व्यवस्थापकासाठी ‘किऑस्क’ म्हणून एक सोय आहे. तिच्या फाइलीत सेशन जपण्याचा अधिकार ‘कोणालाच नाही’ असे लिहून ठेवले, की सामाईक खात्यावर ती वही नव्याने लिहिलीच जात नाही. मात्र पूर्वीची पाने आधी पुसून घ्यावीत, आणि जीनीसारख्या संपादकाची स्वतःची आठवण त्याच्या पसंतीच्या पानावर जाऊन वेगळी बंद करावी. काही जण सेशन्सच्या फोल्डरला लिहिण्याची बंदी घालतात. तोही मार्ग चालतो. पण सहा महिन्यांनी नवा माणूस आला, की मांडणी जतन का होत नाही याचा शोध घेत तो दोन दिवस घालवतो.

तीन जागांपैकी दोषी कोणती, हे ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. यंत्रावर तात्पुरते एक नवे खाते काढावे आणि त्याने लॉगिन करून पाहावे. तेथे खिडकी उघडली नाही, तर कारण आपल्याच घरच्या फोल्डरमध्ये आहे. उघडली, तर सर्वांसाठीच्या ऑटोस्टार्टमध्ये पाहावे. खिडकी लॉगिन होताच कोरी, नव्याने उघडल्यासारखी येते? बहुधा रतीब. जुन्या जागी, जुन्या आकारात, जुन्या फाइलीसह येते? वही. आपण प्रोग्राम उघडला आणि मगच जुने पान दिसले? मग त्या प्रोग्रामची स्वतःची आठवण. जागेची ही खूण मात्र वेलँड या नव्या व्यवस्थेवर फारशी उपयोगी नाही. २००८ साली सुरू झालेल्या आणि हळूहळू एक्सची जागा घेत आलेल्या या व्यवस्थेत, पडद्यावर कोठे उभे राहायचे हे खिडकीला स्वतः ठरवता येत नाही. त्यामुळे परतलेली खिडकी जुनी असूनही भलत्याच जागी दिसू शकते.

राहता राहिला एक अडचणीचा प्रसंग. वहीत चढलेला प्रोग्राम इतका जड असतो, की लॉगिन होताच तो सारी स्मृती खाऊन टाकतो, पडदा गोठतो आणि सेटिंग्जपर्यंत पोचताच येत नाही. अशा वेळी लॉगिनच्या पडद्यावर असतानाच कंट्रोल आणि ऑल्ट या कळा धरून एफ-तीन ही कळ दाबावी. चित्रे जाऊन काळा पडदा आणि नुसती अक्षरे येतात. तेथे आपले नाव व परवलीचा शब्द देऊन आत शिरावे. कारभारी या दाराशी नसतो. तो फक्त चित्रांच्या दारावर बसलेला असतो. आत गेल्यावर डॉट कॅशेमधल्या सेशन्स या फोल्डरचे नाव बदलून ‘सेशन्स-जुने’ असे काहीतरी करावे, आणि पुन्हा चित्रांच्या पडद्याकडे यावे. ती कळ कोठे एफ-एक, कोठे एफ-दोन, तर कोठे एफ-सात असते. कारभाऱ्याला वही सापडत नाही आणि तो कोऱ्या पडद्याने सुरुवात करतो. फोल्डर लगेच पुसू नये, नुसते नाव बदलावे. पंधरा दिवस सुरळीत गेले, की मग तो जुना फोल्डर काढून टाकायला हरकत नाही.